बावीस किलोची मागची सीट

गल्लीत त्यांना सगळे छटाक म्हणत. अर्थात पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि एकदा त्यांनीच मला हसत सांगितलं, "वहिनी, छटाक म्हणजे निदान काहीतरी वजन आहे. लोक शून्य म्हणाले असते तर काय करणार होतो?"

अंगाने काडी, आणि धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानदारांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे काटे त्यांच्याकडे यायचे. दुकान घराला लागूनच. आत गेलं की डाव्या हाताला लोखंडी वजनं उंचीप्रमाणे मांडलेली, पोरांना शाळेत उभं करतात तशी. त्यांना हातात काही दिलं की बोटं नकळत ते तोलून बघत. मी भाजीची पिशवी घेऊन समोरून गेले की म्हणायचे, "साडेतीन." घरी येऊन मोजावं तर साडेतीनच.

त्यांची बायको माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायची, त्यांना भाऊजी. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत. तिला काही हवं असलं की ती चमच्याने भिंतीवर तीनदा वाजवायची. साखर संपली तरी तीनदा, भांडायला माणूस हवं असलं तरी तीनदा.

ताईचं हृदय कमजोर झालं तेव्हा तो चमचा निराळ्या कामाला लागला.

पहिल्यांदा असं झालं ती सकाळ मला लख्ख आठवते. मी कांदा चिरत होते. चमचा वाजला, तोही वेडावाकडा. जाऊन बघते तर ताई ओट्याला दोन्ही हात टेकून उभी आणि छातीत पाणी खळखळावं तसा श्वास. अॅम्ब्युलन्सला फोन केला, पण ती येईपर्यंत थांबायचा धीर कुणालाच नव्हता. (ती सव्वा तासाने आली, असं नंतर कळलं.) भाऊजींनी गाडी काढली. अठरा वर्षं जुनी, उंच, चौकोनी, रंग उडालेली गाडी. मी मागच्या सीटवर ताईला टेकवून बसले.

टेकडीच्या चढावर गाडीने जीव काढला. दुसऱ्या गिअरमध्ये रखडत, घरघरत ती चढत होती आणि मागून ट्रकवालेसुद्धा हॉर्न देत होते. ताईची शुद्ध येत-जात होती. डोकं सारखं पुढे पडायचं, आणि पडलं की श्वास अडकायचा. मी एक हात तिच्या हनुवटीखाली लावला, दुसरा कपाळावर, आणि सगळा रस्ता एकच बोलत होते, "मान वर, ताई. मान वर." एकदा तिने डोळे उघडून बारीक आवाजात म्हटलं, "हाताला कांद्याचा वास येतोय गं."

हॉस्पिटलला पोचायला बावन्न मिनिटं लागली. ताई वाचली. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर तिचे कागद चाळता चाळता सहज म्हणाला, "दहा मिनिटं आधी आणलं असतंत तर इतका त्रास झाला नसता. हे पुन्हा होऊ शकतं, बरं का."

तो बोलून पुढच्या खाटेकडे गेला. भाऊजींनी मात्र ती दहा मिनिटं उचलून घरी आणली.

ताईचा भाऊ महिन्याभरात नवी गाडी ट्रायलला घेऊन दारात हजर. लाल, बुटकी, जमिनीला पोट लावून चालणारी. "दाजी, हा डबा भंगारात घाला. ही शंभरचा आकडा नऊ सेकंदांत गाठते."

ताई दारातून म्हणाली, "मला कुठे शंभरी गाठायचीय? मला दवाखाना गाठायचाय."

तरी भावाचं मन राखायला ती त्या गाडीत बसली. बसली कसली, बुडाली. पाय लांब, पाठ मागे, गुडघे छातीशी. दोन मिनिटांत तिला धाप लागली. "यात मला निजवल्यासारखं होतंय रे. काढा मला बाहेर." तिला आडवं व्हायची चोरी होती; रात्रीसुद्धा चार उशा लावून बसून झोपायची. जुन्या गाडीची सीट खुर्चीसारखी सरळ, तीत तिला बरं वाटायचं.

"मग उंच गाडी बघू," भाऊ म्हणाला.

"आधी या जुन्या गाडीचं काय होतंय ते बघू," भाऊजी म्हणाले.

आणि ते कामाला लागले. गॅरेजवाल्या मिस्त्रीने क्लचप्लेटा बदलल्या, प्लग बदलले, फिल्टर नवा घातला, ब्रेक चाकांना घासत होते ते मोकळे केले. भाऊजींनी चढ चढून पाहिला आणि परत आले. "अजून जोर कसा वाढेल?"

"साहेब, जोर आहे तेवढाच आहे. म्हाताऱ्याला नवे बूट घातले म्हणून तो पोरासारखा पळणार का?"

"जोर वाढत नसेल तर ओझं कमी करता येईल."

मिस्त्री हसला. भाऊजी हसले नाहीत. ज्या माणसाने तीस वर्षं वजनच केलं, त्याला दुसरं काय सुचणार?

रोज संध्याकाळी दुकान आवरलं की ते गाडीतून काहीतरी काढत आणि मोठ्या काट्यावर ठेवत. स्टेपनी, जॅक, पान्यांची पेटी, पायपुसणी, मागचे स्पीकर, डिकीतली फळी. प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर वजन. ताई दारात खुर्ची टाकून बघत बसायची. "आता मलाच काय ते काढायचं राहिलंय," ती म्हणायची.

"तुझ्यासाठीच तर काढतोय सगळं."

शेवटी मागची सीट निघाली. बावीस किलो. ती दुकानात भिंतीला उभी करून त्यांनी मला हाक मारली. "वहिनी, जरा काट्यावर उभ्या राहा बघू."

"कशाला? मलाही चिठ्ठी लावताय की काय?"

राहिले उभी. चौसष्ट किलो तीनशे ग्रॅम.

"अहो, घरचा काटा साठ दाखवतो!"

"घरचा काटा तुमच्यावर माया करतो."

ताई हसता हसता खोकली. मग भाऊजी जरा अवघडून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पुढच्या वेळी आम्ही दोघंच जाऊ. तुम्ही आणि सीट मिळून शहाऐंशी किलो होतात. चढावर तेवढंच नडतं."

मी राग मानला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. त्या पहिल्या दिवसानंतर कित्येक दिवस माझ्या तळहाताला ताईच्या हनुवटीचा थंड घाम जाणवत होता. पुन्हा ते नको, असं मनात होतंच. आता त्याला वजनाचं कारण मिळालं. मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं." त्या दोन हातांनी रस्ताभर काय केलं होतं, हे त्यांना पुढे बसून दिसलं नव्हतं. मला माहीत होतं. मी बोलले नाही.

पुढच्या सीटवर अठ्ठेचाळीस किलोची लोखंडी वजनं, ताईच्या वजनाइतकी, पट्ट्याने बांधून ते हॉस्पिटलपर्यंत गाडी पळवून बघू लागले. सत्तेचाळीस मिनिटं. पंचेचाळीस. कुठल्या खड्ड्याला गाडी डावीकडून काढायची, कुठला सिग्नल कधी सुटतो, सगळं वहीत लिहिलेलं. एका रविवारी ते धावतच आमच्याकडे आले. "बेचाळीस!" माझ्या नवऱ्याने त्यांना चहा पाजला. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, चमचा वाजला. एकदाच.

मी धावले. भाऊजी दुकानातून माझ्याआधी पोचले होते. दोघांनी ताईला धरून गाडीपाशी नेलं, पुढे बसवलं, पट्टा लावला. ती तो हाताने ओढत होती, छातीवर सहन होईना तिला. मी सवयीने मागचं दार उघडलं. आत नुसता पत्रा.

पत्र्यावर बसता आलं असतं. गुडघ्यांवर उभं राहून पुढच्या सीटमागून हात घालता आले असते. हे मला तिथेच, दार धरून उभी असताना सुचलं होतं.

"वहिनी, तुम्ही थांबा. आता पोचतोच," भाऊजी म्हणाले, आणि मी दार लावलं.

एक्केचाळीस मिनिटांत पोचले ते.

ताई वाटेतच गेली होती. चढ संपताना तिची मान पुढे पडली. भाऊजींनी डाव्या हाताने दोनदा वर केली, पण गिअर टाकायला हात काढला की पुन्हा पडायची. बाजूला थांबावं तर मिनिटं जाणार. तिसऱ्यांदा त्यांनी हात लावला नाही, गाडी पळवली. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर घेऊन आलेल्या नर्सने तिची मान सरळ केली आणि त्यांना एवढंच विचारलं, "सोबत कोणी नव्हतं का?"

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, दुकानात, एक बिघडलेला काटा पुढ्यात ठेवून. आवाज चढला नाही की उतरला नाही. मी माझं सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि त्यांच्याकडे पाहून मिटलं.

ताईच्या भावाने गाडी विकून टाकायला सांगितलं. त्यांनी विकली नाही. एकेक चिठ्ठी काढून सगळं सामान जागच्या जागी परत बसवलं. स्टेपनी, जॅक, फळी. सगळ्यात शेवटी सीट. महिना गेला आणि एका सकाळी ते आमच्या दारात उभे. दाढी वाढलेली.

"वहिनी, थोडा वेळ आहे का? मागे बसायचंय."

कुठे जायचं ते मी विचारलं नाही. बाहेर आले तर पुढच्या सीटवर लोखंडी वजनं, पट्ट्याने बांधलेली. मी मागे बसले. त्यांनी घड्याळ बघितलं आणि गाडी काढली. तेच खड्डे, तेच सिग्नल. टेकडीच्या वळणावर वरचं वजन पट्ट्यातून सरकलं आणि पुढे कललं. मी विचार करायच्या आत माझे दोन्ही हात पुढे गेले. तशीच वाकून, गार लोखंड धरून, मी हॉस्पिटलपर्यंत बसले. आरशात भाऊजींचे डोळे एकदा माझ्या हातांवर आले आणि रस्त्याकडे वळले.

फाटकाशी गाडी थांबली. त्यांनी घड्याळ पाहिलं, वही काढली, पण लिहिलं काही नाही.

"त्रेचाळीस," ते म्हणाले. "मागे बेचाळीस लागली होती. वेळ वाचवला तो मिस्त्रीने. आणि रस्ता पाठ झाला होता म्हणून." थोड्या वेळाने त्यांनी मागे न बघता म्हटलं, "सीट आणि तुम्ही मिळून एक मिनिट, वहिनी."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. त्यांनी गाडी हलवली नाही, आणि मीही वजनावरचे हात काढले नाहीत.