डाव्या कोपऱ्यातला फोन

तानीबाईनं निपाणीत तंबाखूच्या वखारीत एकतीस वर्षं पानं निवडली. मी तिथंच पोती उचलत होतो. पान हातात आलं की त्याचा ढीग ठरलेला. ढिगाकडं ती बघत नसे. मुकादमानं ढीग जरा सरकवला तरी ती त्याला झाडायची.

आता ती सदुसष्टची आहे. माझ्या भिंतीला लागून तिचं घर. मुलगा दीपंकर पीत नाही. शुद्धीत मारतो, बायकोला. भाजी निवली म्हणून, दार उशिरा उघडलं म्हणून. गेल्या वर्षात त्यानं उपासनाचे दोन दात आणि एक बरगडी मोडली. तानीबाई मधे पडते, तीही मार खाते. उपासनाचा मोबाईल त्यानं फोडला. टॅब तेवढा राहिला, कारण आई त्यावर बातम्या बघते. बेळगावला टिळकवाडीत शिकवणाऱ्या तानीबाईच्या लेकीनं, पारमितानं, तो सिम घालून दिलेला.

एका रविवारी तानीबाई टॅब घेऊन माझ्याकडं आली.

"अण्णा, त्यो एक दिस तिला मारून टाकणार. तुला हाक पोचली पायजे. ही समदी चित्रं काढ."

"समदी? कॅमेरा बी?"

"काढ. माझं काय लगीन हाय?"

चाळीस चित्रं होती, ॲपची. एकेक दाबून धरायचं, वर ओढायचं, काढायचं. तिच्या बोटांना घट्टे, काचेला स्पर्शच कळेना. मग तिनं करंगळी लावली. शेवटी चार चित्रं राहिली, चार कोपऱ्यांत. वर डावीकडं गाणी, वर उजवीकडं बातम्या, खाली उजवीकडं पारमिता. खाली डावीकडं मी. ते दाबलं की माझा फोन थेट वाजणार. हे जमवायला मला तीन दिवस लागले.

चार्जिंगचं भोक चाचपायचं, त्याच्या डावीकडचा कोपरा गाठायचा. डोळे मिटून तिनं चाळीस वेळा दाबलं. एकदा चुकलं, म्हणून पुन्हा चाळीस. दर वेळी मी फोन उचलला.

सराव सगळा टॅब उभा धरून झाला. आडवा धरला की चित्रं जागा बदलतात हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. आम्ही वखारीतली माणसं. टाकलेला ढीग आपण होऊन हलत नाही, एवढंच आम्हाला माहीत.

पुढच्या मंगळवारी दुपारी दीपंकरनं दाराचा अडसर काढला. पहिला घाव उपासनाच्या पाठीवर बसला. तानीबाई आडवी आली, दुसरा तिच्या उजव्या हातावर. हाड मोडलं. ती भिंतीशी पडली. टॅब फळीवरून ओढला, तो मांडीवर आडवा पडला. डाव्या हातानं भोक चाचपलं, कोपरा गाठला, दाबलं.

गाणं सुरू झालं. मोठ्यानं.

"गाणं लावतीस व्हय म्हातारे? लाव, लाव," दीपंकर म्हणाला. आणि अडसर उपासनाच्या तोंडावर घातला.

भिंतीपलीकडं मी भाकरी खात होतो. गाणं ऐकलं, त्यापुढं दुसरं काही ऐकू आलं नाही. म्हटलं, आज तानीआक्का खुशीत आहे. दुसरी भाकरी घेतली.

तानीबाईनं पुन्हा तोच कोपरा दाबला. गाणं थांबलं, परत लागलं. मग तिनं काचेकडं बघितलं. ढीग हलले होते. तिनं टॅब गुडघ्याला टेकून उभा केला. चित्रं जागेवर आली. माझा फोन वाजला.

पोती ओढायचा माझा लोखंडी आकडा दारामागं असतो. मी गेलो तेव्हा दीपंकर उपासनाच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. तिचं तोंड एका बाजूला लोंबत होतं. मी आकडा त्याच्या खांद्यात घातला आणि पोतं ओढतात तसा त्याला मागं ओढला. तो ओरडला. मी सोडला नाही. उंबऱ्याबाहेर आणून मगच सोडला. माझ्यावरही केस आहे. असू दे.

दवाखान्यात हवालदारानं कन्नडमध्ये विचारलं, कुणी मारलं? तानीबाई कन्नडमध्येच म्हणाली, "नन्न मग." माझा मुलगा.

"आज्जी, विचार करून सांगा. आत जाईल त्यो," हवालदार मराठीत म्हणाला.

"केलाय इचार. लिव्हा."

हवालदार गेल्यावर तिनं मला विचारलं, "गाणं ऐकू आलतं तुला?"

"व्हय."

"अशा वक्ताला मी कवा गाणं लावलंय रं?"

 

उपासनाचा जबडा तारेनं बांधलाय. पेज पिते. दीपंकरचा जामीन पुढच्या आठवड्यात होईल, वकील म्हणतो. स्क्रीन फिरणं मी बंद करून दिलंय. तरी तानीबाईचा त्यावर विश्वास नाही. ती डाव्या हातानं सराव करते, कुशीवर पडून, पालथं पडून, टॅब उलटा धरून. सुनेलाही बसवते. काल उपासनानं वीसपैकी चौदा वेळा बरोबर दाबलं.

"कमी हाईत," तानीबाई म्हणाली आणि टॅब पुन्हा तिच्या हातात दिला.