थेडाने फोन बदलला

थेडा बूसचं दुकान म्हणजे एक करडी गाडी, मागच्या सीटवरची पत्र्याची पेटी आणि खिशातला फोन. जर्मनीत समुद्राच्या बांधाआड पसरलेल्या ईस्ट फ्रीसलंडच्या सपाट गावांमधून ती घरोघर फिरायची आणि म्हाताऱ्यांच्या पायांची निगा राखायची. नखं कापायची, कुरुपं काढायची, भेगा घासायची. मधुमेहवाल्यांचे तळवे मात्र ती आधी दिव्याखाली धरून नीट बघायची, कारण त्यांना बुटात खडा रुतला तरी कळत नाही.

तिची गिऱ्हाइकं फोनवर बोलत नसत. रिंग द्यायची आणि तिने उचलायच्या आत ठेवून द्यायचा. निरोप ठेवायला सांगणाऱ्या यंत्राशी बोलणं म्हणजे त्यांच्या मते भिंतीशी बोलणं. नंबर दिसला की थेडा समजायची आणि त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दारात उभी राहायची. गावातले घरचे नंबर चारच आकड्यांचे, तिला शाळेत असल्यापासून पाठ. असले नंबर फोनमध्ये साठवून ठेवायचं तिच्या कधी डोक्यातही आलं नाही. स्वतःच्या गल्लीचं नाव कोणी लिहून ठेवतं का?

उब्बो साटहोफही असाच रिंग देणारा, आणि मधुमेही. जन्मभर बांधावरच्या मेंढ्या राखल्या, बायको गेल्यावर एकटाच राहिला. डाव्या अंगठ्याखाली त्याला एक जखम होती. भरायची, पुन्हा उघडायची. थेडाला सगळ्या पायांत जास्त धास्ती त्याच पायाची.

"दर पंधरा दिवसांनी येत जाऊ का?" तिने विचारलं होतं. त्या भागात म्हातारा असो नाहीतर पाद्री, सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात.

"कशाला? पाय काय कॅलेंडर बघून दुखतो?"

"तुझा दुखतच नाही, तीच तर पंचाईत आहे. हे बघ, हा आरसा ठेवते. रोज बघायचं. लाल दिसलं, ओलं दिसलं, तर लगेच रिंग दे. त्याच दिवशी येईन."

"आणि नाही आलीस तर?"

"कधी आले नाही असं झालंय का?"

उब्बोने विचार केला. "नाही झालं," तो म्हणाला, आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला.

उन्हाळा संपता संपता मात्र दोघांची जुंपली. ती गेली तेव्हा म्हातारा मोज्यांशिवाय रबरी बूट घालून कोंबड्यांत हिंडत होता. थेडाचा तोल सुटला. "लहान पोराला कळतं ते तुला कळत नाही! बायकोने कसे दिवस काढले असतील तुझ्याबरोबर!" त्याने बूट काढून पाय पुढे केला. तिने मुकाट्याने पट्टी बांधली. निघताना त्याने चहाचं विचारलं नाही, आणि तीही थांबली नाही.

तिचा जुना फोन तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. चार्जरची वायर एका विशिष्ट कोनात धरून ठेवावी लागे. थंडीत गाडीत राहिला की बंद पडे. जखमांचे फोटो इतके धूसर येत की गेल्या वेळेपेक्षा बरी आहे की वाईट, ते सांगता येत नसे. तरी तिचा त्याच्यात जीव होता. क्रीम लागलेल्या हातानेही त्याचं खालचं बटण दाबता यायचं.

"आई, तू त्या बांधाकडच्या रस्त्यावर असतेस आणि फोन लागत नाही. मी तिकडे घड्याळ बघत बसते," ब्रेमेनहून आलेली तिची मुलगी इम्के म्हणाली. "आजच घेऊ."

एमडेनच्या दुकानात थेडाने पुष्कळ फोन हातात धरून पाहिले. एक पोळपाटाएवढा. एकाचा कॅमेरा इतका स्वच्छ की स्वतःच्या बोटांवरच्या सुरकुत्या बघून तिने तो पटकन खाली ठेवला. एक पडला तरी न फुटणारा, पण विटेसारखा जड. तिला हवा होता एका हातात मावणारा, बटणवाला.

"बटणवाले आता संग्रहालयात," दुकानातली बाई हसत म्हणाली.

शेवटी इम्केकडे होता त्याच जातीचा घेतला. काही अडलं तर लेकीला तिकडून सांगता येईल, हे त्यातलं मोठं कारण. दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून इम्केने फोटो, नावं, कार्डाने पैसे घ्यायची सोय, सगळं इकडून तिकडे नेलं. तेवढ्या वेळात कोणा अनोळखी माणसांचे दोनदा फोन आले.

"हे कोण?"

"छपरावर सौर पॅनेल बसवा म्हणून मागे लागलेत. रोजचं आहे."

"थांब हं." इम्केने काहीतरी दाबलं. "झालं. आता ओळखीच्यांचेच वाजतील, बाकीचे दिसणारही नाहीत."

"माझे सगळे ओळखीचेच आहेत," थेडा म्हणाली. कोणत्या ओळखीबद्दल यंत्र बोलतं, हे तिने विचारलं नाही. लेक दुसऱ्या दिवशी जाणार होती, आणि तिला वाटेत खायला काय द्यावं हे थेडाच्या डोक्यात होतं.

पुढचे आठवडे फार छान गेले. ज्यांची मुलं-नातवंडं संदेश पाठवून वेळ ठरवत, त्यांची कामं चालूच होती. बाकीचे गप्प होते. शरद ऋतू आहे, लोक बागा आवरत असतील, असं ती धरून चालली. जेवताना फोन वाजेना. कित्येक वर्षांनी तिने एक पुस्तक पूर्ण वाचलं. ही शांतता तिला आवडली होती, हे पुढे तिला सगळ्यात जास्त सलत राहिलं.

एकदा ती उब्बोच्या घरावरून गेली. धुराड्यातून धूर निघत होता, सायकल भिंतीला टेकलेली होती. तिने गाडी हळू केली. थांबावं का? गरज असती तर रिंग दिली असती. आणि आत कुठेतरी असंही होतं, की बूट त्याने घातले होते, आता आधी त्यानेच बोलवावं. तिने वेग वाढवला.

मग एके दिवशी गेशे पोपिंगाच्या स्वयंपाकघरात थेडा तिचे पाय पुसत असताना गेशे म्हणाली, "उब्बोचं कळलं ना? एमडेनच्या इस्पितळात आहे. डावं पाऊल अर्धं कापलं."

थेडाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"मी त्याला म्हटलं, मेल्या, थेडाला एक रिंग द्यायला काय झालं होतं? तर म्हणतो, नाही दिली. बघ! पाय गेला, पण ताठा नाही गेला."

इस्पितळात जाईपर्यंत थेडा मनातल्या मनात त्याला झापत होती. खोलीत शिरताच "मॉइन" म्हणून नमस्कार करायचंही तिला सुचलं नाही.

"सांगितलं होतं ना तुला! एक रिंग, एवढंच! तेवढंही जमलं नाही?"

उब्बो खिडकीकडे बघत होता. शेजारचा पलंग रिकामा आहे हे त्याने एकदा पाहून घेतलं. "दिली होती," तो म्हणाला. "ओलं दिसलं त्या दिवशी. दुसऱ्या दिवशीही. मग आणखी काही दिवस."

"मला काहीच आलं नाही."

"मला वाटलं, रागावलीस. बुटांवरून."

थेडाने फोन काढून त्याच्या पांघरुणावर ठेवला. पलंगाजवळच्या इस्पितळाच्या फोनवरून त्याने तिचा नंबर फिरवला. त्यालाही तो पाठच होता. त्याच्या कानाशी घंटी वाजत असल्याचं तिला ऐकू येत होतं. पांघरुणावरचा फोन गप्प पडून होता. त्याने रिसीव्हर ठेवला.

"असं आहे होय," तो म्हणाला. एवढंच.

ती रडायला लागली, तसा तो अवघडला. "अगं, गप. डॉक्टर म्हणतो, लवकर आलो असतो तरी पाय वाचला असता की नाही, ते सांगता आलं नसतं."

"म्हणजे वाचलाही असता."

"म्हणजे सांगता आलं नसतं."

"मी गेशेला सांगते. सगळ्यांना सांगते, चूक माझी होती."

"मुळीच नाही." आता त्याचा आवाज चढला. "मी रिंग दिलीच नाही. तसंच सांगितलंय मी, आणि तसंच राहू दे."

"का पण?"

"हट्टी म्हणतात, म्हणू देत. हट्टी मी आहेच. पण रिंग देत बसला आणि कोणी आलंच नाही, असा म्हातारा व्हायचं नाही मला. गावात तर नाहीच नाही."

तिने पांघरुणावरचा फोन उचलून खिशात टाकला. गाडीत बसून तिने इम्केला फोन केला, एवढंच विचारलं की ते ओळखीच्यांचेच वाजायचं कुठे दाबलं होतंस, आणि ते काढून टाकलं. कशासाठी, ते लेकीला सांगितलं नाही. पोरीने मनाला लावून घेतलं असतं. त्यानंतर दोन दिवस ती न बोलावता दारोदार फिरली. सगळ्यांचे पाय जागेवर होते. कोणी म्हणालं, आम्हाला वाटलं तू सुट्टीवर गेलीस. तिने हो म्हटलं.

उब्बो काही घरी परतला नाही. पुतण्याने त्याला आउरिखच्या वृद्धाश्रमात ठेवलं आणि घर विकायला काढलं. तिथे पाय बघायला त्यांची स्वतःची बाई आहे. थेडा जाते, पण पाहुणी म्हणून. ती त्याच्या चांगल्या पायाकडे बघते, आणि तो पांघरूण ओढून घेतो.

नाताळच्या आधी गेशेकडे चार बायका चहाला जमल्या होत्या. सायीचा चहा, मनुकांचा पाव. विषय फिरत फिरत विकायला काढलेल्या घरावर आला.

"एक रिंग!" गेशे म्हणाली. "एका रिंगेचं काम होतं. पण तो उब्बो! पाय द्यायला तयार, पण कोणाला हाक मारायला तयार नाही. हो की नाही गं थेडा? तू तर ओळखतेस त्याला."

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

"हो," थेडा म्हणाली. "पहिल्यापासून तसाच."

गेशेने तिच्या कपात चहा ओतला, आणि बायका पुढच्या गोष्टीकडे वळल्या.