साहेबांना मास्क, युसूफभाईंना कांदा

“अक्का, अम्मी गेली,” एवढंच सलीम फोनवर बोलला आणि नांदेडला लेकीच्या स्वयंपाकघरात मी हातातली पळी आपटली. रडू नंतर आलं. आधी आला राग, आणि महिना उलटला तरी तो उतरलेला नाही. सलीमची अम्मी हमीदा माझी उदगीरची शेजारीण. तिच्यावर काय चिडायचं? ज्यांच्यावर चिडावं ते कधी समोरच येत नाहीत...

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. कचेऱ्यांच्या पाट्या रंगत होत्या आणि आमच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. पाण्यावाचून बांधकामं थांबली, म्हणून हमीदाचे शोहर युसूफभाई, पक्के गवंडी, एका एजंटाच्या मागं इराकला गेले. तिकडं लढाई चालू. मग रेडिओवर विषारी गॅसच्या बातम्या यायला लागल्या. गल्लीतल्या बायकांत मॅट्रिक झालेली मी एकटी, हुशारी नुसती उतू जात होती! हमीदा घाबरून आली, तर मी पदर खोचून सांगितलं, “गॅस म्हंजे हवाच की गं. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतोत ना? तसाच ठेवायचा.” काय ते शास्त्र! त्या भोळीनं सदऱ्याला आतून कांद्याएवढा खिसा शिवला आणि सुट्टीवरून परत निघालेल्या गाववाल्याच्या हाती सदरा पाठवला.

करार संपल्यावर युसूफभाई धडधाकट परत आले. चहा पिता पिता म्हणाले, “भोंगा वाजला की इंजिनेर लोक मास्क घालायचे, अक्का. आमाला म्हनायचे, फडकं ओलं करून नाकाला लावा. मी आपला तुमचा कांदा धरून बसायचो.” आम्ही पोट धरून हसलो. हमीदा हसली नाही. “भाकरी मोजून देत व्हते ना तुमाला?” ती म्हणाली. “मग मास्क आनताना आमची मानसं कशी मोजनीत आली न्हाईत?”

त्यांच्या कामगारांच्या छावणीवर गॅस कधी पडलाच नाही. भीती मात्र त्यांच्याबरोबर उदगीरला उतरली. दार लावलं की त्यांचा जीव गुदमरायचा. शेतात फवारणीचा वास आला की ‘गॅस खाली बसतो’ म्हणत लेकरांना काखेत मारून टेकाडावर पळायचे. पोरं ‘गॅसवाला’ म्हणून चिडवायची. डॉक्टरनं विचारलं, “गॅस लागला होता का?” नाही म्हटल्यावर म्हणाला, “मग झालंय काय?” हमीदानं त्याच्या टेबलावर हात आपटला. “लागला असता तर तुमी मानलं असतं. तवा लागला न्हाई, आन आता रोज लागून राहिला!” मग इलाज तिनंच काढला. दार सताड उघडं, उंबऱ्याला लागून बाज, आणि बाजेवर ती. थंडी असो, कुत्री येवोत. ती तिथं आडवी दिसली की युसूफभाई आत झोपायचे. जन्मभर.

हमीदाच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला मी उदगीरला गेले, तर सलीमनं नवं लोखंडी दार बसवलेलं आणि बाज गच्चीवर टाकलेली. युसूफभाई दुपारच्या उन्हात अंगणात बसलेले, डोळे लाल.

“अब्बा आत झोपतच न्हाईत, अक्का. दार उघडं कसं ठेवू? चोऱ्या लई होऊन राहिल्यात.”

“तुझ्या बापाची झोप नेली, त्या चोराला धरलंस का?” मी ओरडले. “आण ती बाज खाली!”

बाज आली. सुंभ मधोमध खोलगट झालेलं, हमीदाच्या पाठीएवढं. मी दारात आडवी झाले; माझा पसारा काही त्यात मावेना. युसूफभाई उठून आत गेले... थोड्या वेळानं घोरायला लागले. सुंभ टोचत होतं, तरी मी कूस बदलली नाही.