उदक सोडण्यात येईल

आमच्या पेडण्याच्या पाणीपुरवठा कचेरीत ‘पळोवया’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. बंदीचा हुकूम वरून आलेला नव्हता. तो कायतान फर्नांडिस नावाच्या ओव्हरसियरने काढला होता आणि तोंडी होता. ‘पळोवया’ म्हणजे ‘बघू’. गोव्यात सरकारी मेजासमोर उभे राहून ज्याने हा शब्द ऐकला आहे, त्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. नळ मागायला गेलेला माणूस ‘पळोवया’ ऐकून घरी येतो आणि मुकाट्याने विहिरीचा दोर बदलतो.

मी तिथे कारकून म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी पालयेच्या एका गृहस्थांना तो शब्द दिला. नोकरी नवीन असली तरी कचेरीची रीत मी घरूनच शिकून आलो होतो. वडील जन्मभर सरकारी नोकरीत होते. पलीकडच्या मेजावरून एक रुंद खांद्यांचा, सावळा, पांढरा सदरा पँटीत नीट खोचलेला माणूस उठला. त्याने गृहस्थांना स्वतःची खुर्ची दिली आणि मला म्हणाला, “परब, जातलें म्हण, ना जाल्यार जावचें ना म्हण. पळोवया म्हणूं नाका. मनीस घरा वचून बायलेक कितें सांगतलो?”

‘जातलें’ म्हणजे होईल, ‘जावचें ना’ म्हणजे होणार नाही. घरी जाऊन बायकोला काय सांगणार, ही कायतानबाबांची प्रत्येक कामाची कसोटी होती. ते स्वतः बायकोला सगळे सांगत. त्यामुळे त्यांच्या रोझालीनबायला तालुक्यातला कुठला व्हॉल्व्ह गळतो हे आमच्या साहेबांपेक्षा आधी कळे. हरमलला चर्चच्या मागे त्यांचे घर होते. तीन मुली, एक विहीर, दोन माड आणि तिन्हीसांजेला न चुकता तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. पाण्याची तक्रार घेऊन कुणी त्या वेळी घरी आले, तर त्याला बसायला कदेल, म्हणजे खुर्ची, मिळे, पण तक्रार तेर्सानंतर. या शिस्तीमुळे पेडण्यातल्या बऱ्याच हिंदू शेतकऱ्यांना मारियामातेची प्रार्थना अर्धीअधिक पाठ होती. आमच्या गावच्या भटजींचा नळ एका उन्हाळ्यात सारखा बंद पडला, तेव्हा त्यांची पूर्ण पाठ झाली. उच्चार स्वच्छ असल्याबद्दल रोझालीनबाय त्यांचे कौतुक करी.

रविवारी चर्चमध्ये कायतानबाब लाल झगा घालून मिरवणुकीत पुढे चालत. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, तयारीत पाद्रींचा उजवा हात तेच. एका वर्षी चर्चची विहीर आटली आणि पाद्रींनी सहज विचारले, कचेरीचा टँकर येईल का? कायतानबाबांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. “टँकर जावचो ना, फादर. गाडो जातलो.” मग भावाची बैलगाडी मागून घेऊन, आपल्या विहिरीचे पाणी पिंपांत भरून त्यांनी तीन खेपा घातल्या. पाद्री माझ्याजवळ म्हणाले, ह्या माणसाचे ‘ना’ मला इतरांच्या ‘हो’पेक्षा परवडते.

या माणसाच्या तोंडून एकदा ‘जातलें’ निघाले आणि तेच त्याच्या गळ्याशी आले.

केरी हे आमच्या तालुक्याचे उत्तरेकडचे टोक. पुढे तेरेखोलची खाडी. तिथल्या वरच्या वाड्यावर, म्हणजे चढावरच्या वस्तीवर, उन्हाळ्यात विहिरी खारट होत आणि बायका चढ उतरून खालून पाणी आणीत. सर्वेक्षणाला आम्ही दोघे गेलो असताना सगुणाकाकी नावाच्या बाईंनी कायतानबाबांना ओसरीवर बसवले, गूळ दिला आणि मग कळशीत उरलेले घोटभर पाणी दिले. “बाबा,” त्या म्हणाल्या, “तुजा पाणी माज्या दारात येतला, काय मी वर गेल्यार येतला?”

कायतानबाबांनी पेला खाली ठेवला. “तूं आसतना येतलें, आये. उदक जातलें.”

साहेबांना कळले तेव्हा ते म्हणाले, केरी टोकाला, त्यात चढ, पाण्याला दाब पुरणार नाही, तू ‘पळोवया’ म्हणायला हवे होतेस. साहेब म्हापशाला बसत, त्यामुळे त्यांना बंदी लागू नव्हती.

त्यानंतर दोन वर्षे कायतानबाबांनी केरीचा ध्यास घेतला. पाइप आले. चर खणत खणत गडी वाड्याखालच्या वडापाशी पोचले आणि कुदळी टाकून बसले. वडाखाली राखणदाराची जागा होती. राखणदार गावाची वेस सांभाळतो. त्याला विचारल्याशिवाय तिथे कुणी माती उकरत नाही. गडी सावंतवाडीकडचे होते, त्यांच्याकडेही हीच रीत. कायतानबाबांनी विचारले, तो काय घेतो? रोट आणि सोरो, उत्तर आले. म्हणजे जाड भाकरी आणि दारू. आणि ज्याचे काम आहे त्याने ते स्वतःच्या हाताने ठेवायचे.

कायतानबाब पेचात पडले. ते सायकलवरून थेट चर्चमध्ये गेले आणि पाद्रींकडे कुमसाराला, म्हणजे पापाची कबुली द्यायला बसले. सगळे ऐकून पाद्री म्हणाले, “कायतान, पातक आदीं जावंक जाय. कुमसार मागीर.” पाप घडायच्या आधी कबुली घेता येत नव्हती.

“जातलें, फादर,” कायतानबाब म्हणाले आणि उठून भाकरी सांगायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वडाखाली रोट ठेवला, बाटली ठेवली. हात जोडले नाहीत. टोपी काढून उभे राहिले. मनात काय म्हणाले ते मी विचारले नाही. कुदळी सुरू झाल्या. रविवारी रीतसर कुमसार झाला आणि पाद्रींनी प्रायश्चित्त म्हणून एक तेर्स जादा सांगितला. केरीच्या राखणदारापायी आपल्याला दोनदा गुडघे टेकावे लागले, अशी त्यांच्या धाकट्या मुलीची बरेच दिवस तक्रार होती.

वाड्यावर दारोदार नळ बसले. पाणी मात्र आले नाही, कारण चढावर ढकलणारा पंप यायचा होता. नळाला पाणी आलेच तर कळावे म्हणून लोकांनी तोट्या उघड्या सोडून ठेवल्या. पावसाळा गेला, गणपतीची चवथ गेली, नाताळ गेला. तोट्यांत मुंग्या झाल्या. आणि पंपाच्या आधी कायतानबाबांच्या बदलीचा हुकूम आला. महिनाअखेर डिचोलीला हजर व्हायचे. त्यांच्या जागी कोण येणार हेही कळले होते, आणि तो ‘पळोवया’ फार गोड म्हणतो हेही. रोझालीनबायने भांडी गोणपाटात बांधायला घेतली. कायतानबाब मला म्हणाले, “परब, हांव सगुणाकाकीक जातलें म्हणून आयलां. तें दुसऱ्याच्या तोंडांत ‘पळोवया’ जातलें.” त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेले पाहिले.

पंप आला तो शेवटच्या आठवड्यात. रात्रंदिवस खपून त्यांनी तो बसवून घेतला आणि सोमवारी पाणी सोडायचे ठरवले. तशी नोटीस केरीला लावायची होती. आता गावच्या नोटिशी मराठीत निघाव्यात हा हट्ट कायतानबाबांचाच. त्यांचे शिक्षण पोर्तुगीज शाळेत झालेले. मराठी ते मोठेपणी वर्तमानपत्र वाचून शिकले होते. “जांचें उदक, तांचे भाशेंत,” ते म्हणत. ते लिहीत आणि मी नजर फिरवत असे. नेमका मी भाचीच्या लग्नाला सर्वणला गेलो होतो. त्यांनी एकट्याने लिहिले, सही केली आणि शिपायाबरोबर पाठवून दिले.

सोमवारी सकाळी मी लग्नातल्या लाडवांचा पुडा घेऊन कचेरीत आलो, तर बाहेर केरीचा वरचा वाडा उभा होता. सगळा. बायका, पुरुष, रिकाम्या कळश्या. कायतानबाब पहाटेच पंपावर गेले होते; साहेब म्हापशाला होते. खाते म्हणून समोर जायला मीच उरलो.

गावच्या शाळेचे निवृत्त मास्तर पुढे आले. त्यांनी भिंतीवरून काढून आणलेली नोटीस खड्या आवाजात वाचली. “केरी वरचा वाडा येथील ग्रामस्थांस कळविण्यात येते की, येत्या सोमवारी खात्यातर्फे आपल्या वाड्यावर उदक सोडण्यात येईल. ग्रामस्थांनी सहकार्य करावे.”

मी नोटीस हातात घेऊन पुन्हा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

“म्हणजे आमचा नाद सोडला,” मास्तर म्हणाले. “वर आम्ही सहकार्य करायचे.”

मागून एक बाई म्हणाली, “आमी जिवंत आसांव मरे. आमच्यार उदक कित्याक सोडतास?”

मी समजावू लागलो की आपण ज्याला पाणी म्हणतो, त्याला फर्नांडिस साहेबांच्या घरी उदक म्हणतात. मला कुणी बोलू दिले नाही. एवढ्यात केरीहून बस आली आणि कंडक्टर खिडकीतून म्हणाला, “तुमच्या वाड्यार पाणी व्हावता. घरात कोण नाय काय?” मोर्चा फोडायची ही सरकारी युक्ती असेल असे मास्तरांचे मत पडले. तरी सगळे त्याच बसच्या परतीच्या खेपेत चढले, आणि लाडवांसकट मीही.

वाड्यावर प्रत्येक दारातली उघडी तोटी भडाभडा वाहत होती. अंगणातल्या मिरच्या पाण्यावर तरंगत होत्या, वाटेवरून ओहोळ निघाला होता. पाय मुरगळला म्हणून मोर्चाला न आलेल्या सगुणाकाकी आपल्या पायरीवर बसून हंडे, टोप, परात, सापडेल ते भरत होत्या. आणि कायतानबाब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घरोघर धावत होते. दोन वर्षे झटून आणलेले पाणी ते एकेक तोटी पिळून बंद करीत होते.

मला पाहून ते थांबले. “परब, हो गांव खंय गेल्लो?”

“कचेरीत, कायतानबाब. मोर्चो घेवन.”

“कित्याक?”

“पाण्याक.”

त्यांनी पायांखालच्या ओहोळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मास्तरांनी त्यांना नोटिशीचा मराठी अर्थ सांगितला. कायतानबाबांनी तो विद्यार्थ्यासारखा ऐकून घेतला. “म्हळ्यार हांवें ‘पाणी सोडण्यात येईल’ म्हूण बरोवंक जाय आशिल्लें?”

मास्तर विचारात पडले. “नाही. वाड्यावर पाणी सोडले म्हटले तरी अर्थ तोच होतो.”

“मागीर मराठींत नळाक कितें सोडटात, मास्तर?”

मास्तरांनी गावाकडे पाहिले, नळाकडे पाहिले. “पळोवया,” ते म्हणाले.

कायतानबाबांना इतके हसताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. सगुणाकाकींनी त्यांना पेला भरून दिला. या वेळी काठोकाठ.

महिनाअखेर ते डिचोलीला गेले. तिथेही त्यांनी बंदी घातल्याचे कानावर आले. निवृत्त होऊन हरमलला परतल्यावर दर चवथीला ते आणि रोझालीनबाय माझ्या घरी नेवऱ्या खायला येत, आणि नाताळात आम्ही त्यांच्याकडे. केरीच्या वरच्या वाड्यावर तोवर एक सवय पडून गेली होती. विहिरीचे ते पाणी आणि नळाचे ते उदक. नातवंडेसुद्धा तसेच म्हणत. “उदक इला” अशी हाक आली की बायका हंडे घेऊन धावत. त्यात थट्टा कधीच उरली नव्हती.

मग एका वर्षी कायतानबाब आजारी पडले. पावसाळ्यात मी भेटायला गेलो, तेव्हा ते खाटेवर उशांना टेकून होते. सदरा मात्र इस्त्रीचा. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर निघताना मी म्हणालो, “चवथीक येतलात न्हय, कायतानबाब?”

त्यांनी जनेलातून बाहेर पाहिले. मग माझा हात हातात घेतला.

“पळोवया,” ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून उत्तर म्हणून मी पहिल्यांदा ऐकला. रोझालीनबाय दारात उभी होती. तिनेही ऐकला. आम्ही एकमेकांकडे बघायचे टाळले.

चवथीच्या आधीच ते गेले. हरमलच्या चर्चमध्ये मावेना इतकी माणसे होती, आणि केरीचा वरचा वाडा पुन्हा एकदा सगळाच्या सगळा आला होता. दफनभूमीत पाद्रींनी प्रार्थना म्हटली, पेटी खाली उतरवली. लोक एकेक मूठ माती टाकून बाजूला होऊ लागले. सगुणाकाकी सुनेच्या खांद्याला धरून पुढे आल्या. आता त्या चांगल्याच थकल्या होत्या. त्यांच्या हातात पितळी तांब्या होता.

पाद्री नवीन होते, तरुण होते. त्यांनी हळूच विचारले, “आये, हें कितें?”

“उदक,” काकी म्हणाल्या. “नळाचा. हेच्यार सोडूक हाडलंय. जाता काय, बाबा?”

पाद्रींनी आधी माझ्याकडे पाहिले, मग रोझालीनबायकडे. ती मुलींच्या आधाराने उभी होती. आता तिने डोळ्यांवरचा रुमाल काढला.

“जातलें, आये,” ती म्हणाली. “सोड.”

सगुणाकाकींनी तळहातावर उदक घेतले आणि सोडले.