माझ्या नावाने गेलेली मेल

मुलुंडच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी होते, त्यामुळे मीटिंगच्या नोटिसा सगळ्यांना माझ्याच मेलवरून जायच्या. एका शनिवारी सकाळी त्याच सभासदांना माझ्या नावाने, माझाच पत्ता दाखवणारी एक मेल गेली. 'प्रिय, मी फार एकटी आहे. तुमच्याशी हृदयातून बोलायची इच्छा आहे. उत्तर द्या.' खाली एक लिंक.

मी ती पाठवली नव्हती. पुण्याला मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, पाकिटाच्या मागे तुझं नाव घालून कुणीही पत्र टाकू शकतं ना? तसंच आहे हे. कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधून सगळ्यांचे पत्ते गेले असतील. लिंक उघडू नका म्हणून कळव सगळ्यांना."

दुसरी मेल करून कळवलं. पण मी घटस्फोटित, पन्नाशी उलटलेली, एकटी राहणारी बाई. मेल खोटी होती, तिच्यातलं पहिलं वाक्य खोटं नव्हतं, आणि ते अख्ख्या बिल्डिंगने वाचलं होतं. दूध आणायला खाली उतरले तर वॉचमनकडेसुद्धा बघवेना.

दुपारी घाटकोपरहून धाकटी बहीण जेवायला आली. ती आत पोळ्या लाटत असताना बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांची बायको जाऊन दोनेक वर्षं झाली होती. आमचं बोलणं आजवर पाण्याच्या टाकीपलीकडे गेलं नव्हतं. कडक इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस, हातात गावाहून आलेल्या ओल्या काजूंची पिशवी.

"तुमची मेल वाचली," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "अशा गोष्टीला टाइप करून उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून आलो. माझंही तसंच आहे हो. संध्याकाळी बोलायला कुणी नसतं."

माझी दुसरी मेल त्यांनी पाहिलीच नव्हती. ते सांगायचं सोडून मी त्यांच्या हातातल्या पिशवीकडेच बघत राहिले. आतून बहीणच म्हणाली, "अहो, ती मेल खोटी आहे. स्पॅम. सगळ्या सोसायटीला गेलीये."

"सगळ्यांना?" त्यांनी मलाच विचारलं. मी मानेनेच हो म्हटलं.

"मला वाटलं, मलाच."

त्यांचे कान लाल झाले. पिशवी चपलांच्या कपाटावर ठेवून, लिफ्टची वाट न बघता ते जिना चढून गेले. बहीण हसत बाहेर आली.

"हसू नको गं," मी म्हणाले, पण तोवर ते ऐकू न जाण्याइतके वर गेले होते. त्यांच्यापुरती तरी ती मेल मीच लिहिली होती, असं मला वाटत राहिलं.

नंतर ते मीटिंगला येईनासे झाले. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच सापडलो. मी म्हणाले, "त्या दिवशी मी काहीच बोलले नाही."

"तुम्ही काय बोलणार? मीच खुळ्यासारखा आलो."

"खुळ्यासारखे नाही. तुम्ही बोललात ते मला कळलं होतं."

ते वरच्या आकड्यांकडे बघत होते. माझा मजला आला. "येते," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

वार्षिक सभेत मी सेक्रेटरीपद सोडलं. कारण गुडघ्याचं सांगितलं.