एक दिवसाचं नाव

समरा माझ्या बहिणीची, संध्याची मुलगी. बाप शादाब, उरणचा. आमचं माहेर बोनकोड्याचं, आगरी. पोरगी ईदला उरणात आणि गणपतीत बोनकोड्यात, अशी वाढली. टिकली लावली की उरणच्या चुलत बहिणी म्हणायच्या, "आली आगऱ्यांची." आमच्याकडे जेवायला बसली की बायका विचारायच्या, "तुला चालतं ना यो?" अहो, चिंबोरीचं कालवण दोन्ही घरांत रटरटतं. विचारायचं मात्र हिलाच.

माझा भाऊ गोटीराम. त्याच्या हितेशला सख्खी बहीण नाही, लहानपणापासून राखी समराची. लग्न ठरलं तेव्हा तोच म्हणाला, "माझी करवली समू." पाण्याचा करा धरून नवरदेवाच्या मागे उभं राहायचं, म्हणून हिनं हौसेनं हिरवी साडी घेतली.

हळदीच्या आदल्या दिवशी दादा संध्याकडे आला. मी तिथंच होते.

"पोरी, माईकवाला करवलीचा नाव पुकारील. मी त्याला स्मिता सांगतो. एक दिसाचा सवाल हाय."

"का, मामा?"

"नवरीकडची मानसं विचारतीन. उगा टेन्शन कशाला?"

"राखीच्या वेळी नाव चाललं ते?"

"ती घरात बांधतेस. यो मंडप हाय."

माझं डोकंच फिरलं. मी रोज देवापुढे दिवा लावते. कुठल्या देवानं नाव विचारून कुणाच्या हातचं पाणी नाकारलंय? हे सगळं माणसांचं. तोंडावर बोलले तसं, तर दादा म्हणाला, "तू गप, बायकांना काय कलतं."

समरानं तिथूनच हितेशला फोन लावला. तो म्हणाला, "समू, एकच दिवस गं."

तिनं फोन ठेवला. "मग तुमची स्मिता शोधा, मामा."

लग्नात करा हितेशच्या मावसबहिणीनं, प्रियानं धरला. समरा येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आली. तीच हिरवी साडी. मंडपाच्या दारात गुलाबदाणी उचलली आणि येईल त्याला सांगू लागली, "या, या. मी समरा. शादाबची आणि संध्याची. नवरदेवाची बहीण." डीजेचा दणदणाट, हिचा आवाज त्याच्यावर.

आतून बायका मला हाका मारत होत्या, ओवाळायला आत्या हवी म्हणून. मी समराजवळून हलले नाही. करवली चालत नाही, तर आत्या कशाला चालवता?

दादा घामाघूम होऊन धावत आला. "बस झाला गो! लोक बघतान. तुज्या पाया पडतो."

"पाया नका पडू, मामा. नाव घ्या माझं."

तेवढ्यात नवरीकडची आणखी माणसं आली.

"या," ती म्हणाली. "मी समरा."