टेबलावरचा ट्रे आणि चंद्रपूरची नोंदवही

जानेवारी १९८९, मंगळवार, सकाळचे अकरा. ठिकाण: आमच्या गडचिरोलीच्या कार्यालयातली मागची खोली. हजर: साहेब (पहिली दहा मिनिटं), आस्थापनेचे बाबू, टंकलेखक बाई, नागपूरहून आलेला कॉम्प्युटर इंजिनिअर, अभिलेख सांभाळणारा मी, आणि पाणी भरणारी बाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं. रिकामे ग्लास परत न्यायचे म्हणून ती दाराशी थांबली होती. गैरहजर: लेखा शाखेचे बाबू, लग्नाला.

हजेरी लिहून ठेवायची मला सवय आहे. पुढे कुणी म्हणालं की मला हे सांगितलंच नव्हतं, तर वही काढता येते.

आमचं खातं कोणतं, ते सांगत नाही; फायली सगळीकडे सारख्याच असतात. जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्ही काही जण चंद्रपूरहून गडचिरोलीला आलो, पण आमच्या नेमणुकांच्या मूळ नोंदवह्या चंद्रपूरच्या अभिलेख कक्षातच राहिल्या, आणि नव्या नोंदीही तिथेच होत राहिल्या. एखादी नोंद पाहायची तर एसटीनं मूल गावावरून चंद्रपूर गाठायचं, आणि पावसाळ्यात वैनगंगेला पूर असला की तेही नाही. म्हणून चालू कामाच्या फायली मी एका लोखंडी कपाटात आणून ठेवल्या होत्या. आणि जे रोज कुणी ना कुणी विचारायचंच, त्याची कार्डं करून टेबलावरच्या ट्रेमध्ये. ट्रे आलापल्लीच्या एका सुताराकडून उरलेल्या सागवानाचा करून घेतला होता. तीस कार्डं मावत. साहेबांनी आत बोलावून काही विचारलं तर मी खुर्चीवरून न उठता उत्तर देत असे. या ट्रेचा मला अभिमान होता, आणि कार्यालयातल्या सगळ्यांना तो माहीत होता, कारण मी सांगत असे.

कॉम्प्युटर आला तेव्हा मागच्या खोलीला पडदे लागले आणि चपला बाहेर काढायचा नियम झाला. साहेबांच्या खोलीला पडदे नव्हते. हे साहेबांनी दोनदा बोलून दाखवलं. यंत्राचं पहिलं काम ठरलेलं होतं: रोजंदारीवरच्या लोकांची यादी. १९८२ मधल्या एका तारखेच्या आधीपासून जे कामावर होते त्यांना कायम करायचं होतं. यादी महिनाअखेर नागपूरला जाणार होती. त्यात नाव आलं नाही, तर पुन्हा कधी यादी होईल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

पण आधी प्रशिक्षण. इंजिनिअर पंचविशीचा, नागपूरचा, बोलायला सरळ. त्यानं फळ्यावर दोन चौकोन काढले, एक मोठा आणि एक अगदी छोटा. मोठ्यात लिहिलं रॅम, छोट्यात कॅश. हा शब्द रोख पैशाचा नव्हे, हे त्यानं आधीच सांगून टाकलं, कारण नागपुरात कुणीतरी त्याला तिजोरी कुठे आहे असं विचारलं होतं.

मी लिहून घेतलेले मुद्दे असे. रॅम म्हणजे यंत्राची कामाची जागा; चालू काम तिथे मांडलेलं असतं. कॅश त्याहून कितीतरी लहान, पण कितीतरी जलद, आणि महाग, म्हणूनच लहान. यंत्राचा मेंदू जे पुन्हा पुन्हा मागतो त्याची प्रत कॅशमध्ये ठेवली जाते. आधी तिथे बघायचं, मिळालं तर रॅमपर्यंत जायचं कारण नाही. नाही मिळालं तर रॅममधून आणायचं, आणि आणलं की एक प्रत कॅशमध्ये. जागा भरली की जे बऱ्याच वेळात कुणी मागितलं नाही ते काढून टाकायचं. कॅशमध्ये काय राहील हे यंत्रच ठरवतं, आपल्याला विचारत नाही. आणि वीज गेली की दोन्ही रिकामी. टिकतं ते फक्त डिस्कवर लिहिलेलं.

शेवटच्या मुद्द्यावर साहेबांनी मान हलवली आणि फोन आला म्हणून उठून गेले.

आस्थापनेचे बाबू म्हणाले, दोन कशाला पाहिजेत, रॅमच जलद करावी. इंजिनिअर म्हणाला, तेवढी जलद रॅम घ्यायची तर कार्यालय विकावं लागेल. टंकलेखक बाईंनी विचारलं की मग कॅशच मोठी का करत नाहीत. तो म्हणाला, कारण तेच. मला वाटतं, कुणालाच नीट समजलं नव्हतं, फक्त मी लिहीत होतो म्हणून समजल्यासारखा दिसत होतो.

तेव्हा दारातून पाणी भरणारी बाई म्हणाली, "म्हंजे रांजण अन् साहेबाच्या टेबलावरचा तांब्या."

इंजिनिअरनं खडू खाली ठेवला. अगदी बरोबर, म्हणाला. साहेब रांजणाकडे जात नाहीत, तांब्यातून घेतात. तांब्या संपला की रांजणातून भरायचा. आणि रांजण आटला तर विहीर आहे, ती डिस्क.

आस्थापनेचे बाबू म्हणाले, "बाई, तुमाले आता इंजिनेरच नेमतीन."

"पयले पाणीवाली म्हून त नेमा," बाई म्हणाली. यादीची गोष्ट तिलाही कळलेली होती.

सगळे हसले. ती हसली नाही, ग्लास गोळा करू लागली.

मी एकच प्रश्न विचारला, कारण कामाचा होता. कॅशमधल्या प्रतीत दुरुस्ती केली, तर रॅममधल्या मूळ नोंदीत ती कोण करतं? इंजिनिअर खूश झाला. म्हणाला, याच्या दोन पद्धती आहेत. एक, दोन्हीकडे एकाच वेळी लिहायचं; वेळ लागतो पण घोर नसतो. दुसरी, आत्ता फक्त प्रतीत लिहायचं आणि खूण करून ठेवायची. ती प्रत काढून टाकायची वेळ येईल तेव्हा दुरुस्ती आधी मूळ नोंदीत उतरवायची, मग प्रत टाकायची. यंत्रं वेग मिळावा म्हणून कधी कधी दुसरी वापरतात.

"अन् खूण राहून गेली तर?"

"मग दुरुस्ती गेली. आणि गेली हे कोणाला कळतही नाही, कारण मूळ नोंद जशीच्या तशी दिसते."

हा मुद्दा सातवा होता. तो मी अर्धाच लिहिला.

मागच्या पावसाळ्यात ही बाई एक कागद घेऊन माझ्याकडे आली होती. नोंदवहीत तिची सुरुवात १९८४ लिहिलेली होती, म्हणजे ती गडचिरोलीच्या कार्यालयात आली ते वर्ष. पण त्याआधी १९८१ पासून ती आलापल्लीच्या बाजूला आमच्याच खात्याच्या कॅम्पवर पाणी भरत होती, आणि तिथल्या जमादारानं तसं लिहून दिलं होतं. मी कागद वाचला, ट्रेमधलं तिचं कार्ड काढलं, ८४ खोडून ८१ केलं आणि कागद तिला परत दिला. लोकांचे मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत हा माझा नियम. चंद्रपूरला दिवाळीनंतर जाईन तेव्हा आणखी चार दुरुस्त्यांबरोबर ही पण करू, असं ठरवलं. वेगळी फेरी कशाला.

दिवाळीत मी ट्रे साफ केला. सहा महिन्यांत ज्या कार्डाबद्दल कार्यालयातून कुणी विचारलं नाही ते फाडायचं, हा दुसरा नियम; माझ्या हातच्या दुरुस्त्या त्यात धरत नसे. पाणी भरणाऱ्या बाईबद्दल सहा महिन्यांत, ती स्वतः सोडून, कुणीच काही विचारलं नव्हतं. बाकीच्या चार दुरुस्त्या मी डिसेंबरात चंद्रपूरला करून आलो. त्यांची कार्डं ट्रेमध्ये होती म्हणून आठवल्या.

प्रशिक्षण संपल्यावर मी आस्थापनेच्या बाबूंच्या टेबलावर यादीचा कच्चा कागद पाहिला. चंद्रपूरच्या नोंदवहीवरून केलेला होता. तिचं नाव रेघेच्या खाली, अपात्र लोकांत.

मी रांजणापाशी जाऊन तिला सांगितलं. लांबवून सांगण्यात अर्थ नव्हता.

ती म्हणाली, "तुमी त लिवून घेतलं होतं ना, बाबूजी. माया डोयासमोर."

लिहिलं होतं, पण ज्यावर लिहिलं तेच फाडलं, असं मी म्हणालो.

"काऊन फाडलं?"

कुणी विचारत नव्हतं म्हणून, हे खरं उत्तर होतं आणि ते मी दिलं. तिनं घागर रांजणात रिकामी केली.

"मंग मी आता कुठी हाओ?"

मी म्हणालो, आत्ता कुठेच नाही, पण महिनाअखेरीला चौदा दिवस आहेत. जमादाराचा कागद कुठे आहे? तो पावसात भिजून लगदा झाला होता. बाबूजीनं लिहून घेतलं म्हटल्यावर तिनं तो जपून ठेवला नव्हता. यात तिची चूक मला दिसत नाही.

जमादार निवृत्त होऊन नागभीडजवळ शेती करत होता. शुक्रवारी रजा टाकून मी आरमोरी-ब्रह्मपुरीमार्गे गेलो. बरोबर: कोरे कागद चार, शाईचं पेन, तिची सगळी माहिती लिहिलेला मसुदा. जमादार खळ्यावर सापडला, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालली होती. त्याला बाई लगेच आठवली. म्हणाला, तिनं पाणी आणलं नसतं तर कॅम्प चार दिवसही चालला नसता. नाल्यावरून दोन घागरी डोक्यावर घेऊन यायची. पण हे पुन्हा लिहून कशाला पाहिजे ते त्याला कळेना.

"सगळ्याइले माहीत हाये ना."

सगळ्यांना माहीत असलेलं नोंदवहीत नाही, असं मी समजावलं. मग तो तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर बसून लिहू लागला. मी दोन प्रती मागितल्या. तो म्हणाला, "दोन काऊन? येक हरवून राह्यले का तुमी?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी वडशाला नाटक होतं, त्यानं थांबायचा फार आग्रह केला. नाटक माझ्या यादीत नव्हतं.

सोमवारी साहेबांनी जमादाराच्या पत्रावर शेरा मारला. इंजिनिअरनं यादी उघडली, बाईची तारीख बदलली, नाव रेघेच्या वर नेलं. त्यानंतर आणखी नऊ नावं टाइप झाली आणि वीज गेली. मी विचारलं, बाईचं नाव आता कुठे आहे. इंजिनिअर म्हणाला, रॅममध्ये होतं. मी म्हणालो, म्हणजे नाही. तो म्हणाला, म्हणजे नाही. साडेचारला वीज आली. या वेळी मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि प्रत्येक नावानंतर त्याला डिस्कवर लिहायला लावलं. तो म्हणाला की यानं काम फार हळू होतं. मी म्हणालो, होऊ दे.

यादी वेळेत गेली. एप्रिलमध्ये नागपूरहून आदेश आला आणि त्यात बाईचं नाव होतं. आस्थापनेच्या बाबूंनी तिला बोलावून वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्यांनी हळू वाचली: मूळ नोंदवहीशी पडताळणी करूनच रुजू करून घ्यावे. पडताळणी म्हणजे चंद्रपूर, आणि चंद्रपूरचं उत्तर आठवड्यात आलं. मूळ नोंद १९८४.

मेमध्ये मी चंद्रपूरला गेलो. तिथले अभिलेखपाल माझे जुने सोबती. चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले की मूळ नोंद आदेशाशिवाय बदलता येत नाही. मी आदेश दाखवला. त्यांनी वाचला. आदेशात मूळ नोंदीशी जुळवा एवढंच आहे, मूळ नोंद बदला असं कुठे आहे? हे बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. जूनमध्ये मूळ नोंद बदलण्याची परवानगी नागपूरला मागितली. सप्टेंबरमध्ये मिळाली. ऑक्टोबरात पुन्हा गेलो, तर नोंदवहीची पाठ निखळली म्हणून ती बांधणीला गेली होती. नोव्हेंबरात पुन्हा गेलो. नोंदवही परत आली होती, बांधणी चांगली होती, पण परवानगीवर आमच्या साहेबांची सही आणि शिक्का लागतो असं निघालं, आणि साहेबांची बदली झाली होती.

त्या यादीपासून कुठलीही दुरुस्ती मी आधी मूळ नोंदीत करतो, मग कार्डावर. त्यामुळे उत्तरं उशिरा मिळतात आणि आस्थापनेचे बाबू म्हणतात की माझा वेग गेला. सहा महिन्यांचा नियम बंद केला आहे. ट्रेमध्ये आता कार्डं मावत नाहीत, म्हणून त्याच सुताराला दुसरा करायला सांगितला.

बाई अजून रोजंदारीवरच आहे. पूर्वी ती दर सोमवारी विचारायची. आता मी चंद्रपूरहून येतो त्या दिवशी माझ्याकडे नुसती बघते, आणि मी नाही म्हणून मान हलवली की घागर घेऊन विहिरीकडे जाते. परवा एवढंच म्हणाली, "तुमच्या त लक्षात हाये ना, बाबूजी?"

लक्षात आहे, असं मी म्हणालो; लक्षात असून उपयोग नसतो, हे नाही सांगितलं.

आज डिसेंबरची अठरा तारीख. नवे साहेब अजून रुजू झालेले नाहीत. कुणी म्हणतं या आठवड्यात, कुणी म्हणतं नव्या वर्षात. परवानगीचा कागद आणि जमादाराच्या पत्राची दुसरी प्रत मी एकाच फाईलमध्ये लावून ठेवली आहे. बाकी: साहेबांची सही, शिक्का, पहिली चंद्रपूर गाडी, नोंदवहीतलं तिचं पान, आणि ८४ खोडून ८१.